अर्धशिशी आणि आनुवंशिकता

वैशाखांतील दुपार. जळगांवच्या एखाद्या घरांत, धुळें हें माहेर असलेली सून अंधाऱ्या खोलींत डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन पडलेली असते. उजेड खपत नाहीं, भांड्यांचा आवाज सोसवत नाहीं, मळमळीनें जीव कासावीस होतो. "आईचेंच दुखणें हिनें आंदण आणलें," असें घरांतील वडीलधारें माणूस म्हणतें. दुसरें कोणी तर हें कामचुकारपणाचें सोंगच ठरवितें. सोंगाचा आरोप खोटा आहे. आंदणाच्या बोलण्यांत मात्र अर्धें सत्य आहे.

अर्धशिशी कुळांत उतरते हें जुळ्या भावंडांच्या पाहणीवरून दिसून आलें आहे. एकबीज जुळ्यांपैकीं दोघांसही ती असण्याचा संभव भिन्नबीज जुळ्यांहून अधिक असतो. तथापि एकबीज जुळ्यांतहि एकास ती असून दुसरें मोकळें असल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. वारशानें येतो तो दुखण्याकडे असलेला कल. प्रत्यक्ष दुखणें नव्हे.

अर्धशिशीचा एक विरळा प्रकार असा आहे कीं, त्यांत अर्धें अंग कांहीं काळ लुळें पडतें. कांहीं घराण्यांतील या प्रकाराचें मूळ १९९६ सालीं एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत सांपडलें. मज्जापेशींत कॅल्शियम आंत घेणाऱ्या द्वाराची घडण हें जनुक ठरवितें. तेथें एकच दोष पुरतो. नेहमींच्या अर्धशिशीचें तसें नाहीं. एक लक्षाहून अधिक रुग्णांच्या तपासणींतून २०२२ सालीं तिच्याशीं निगडित अशीं १२३ स्थानें दाखविण्यांत आलीं; प्रत्येकाचा वांटा चिमूटभर. हे रुग्ण बहुतेक युरोपीय वंशाचे होते, तेव्हां त्या आंकड्यांवरून खानदेशांतील एखाद्या मुलीचें भविष्य वर्तविणें धाडसाचें होईल.

हीं स्थानें आईबाप दोघांकडूनहि येतात. वयांत आल्यावर स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या सुमारें तिप्पट आढळतो, त्यामुळें आईचा वारसा डोळ्यांत भरतो आणि बापाचा झांकून राहतो. उद्यां या सुनेच्या मुलीस अर्धशिशी जडली, तर तींत सासरच्या घराण्याचाहि हिस्सा असूं शकेल. मग बापाचें डोकें जन्मांत कधीं दुखलेलें नसो!

कल जागा होण्यास निमित्त लागतें: जागरण, निरंकार उपास, मासिक पाळी, झगझगीत ऊन. उन्हाळ्यांत खानदेशांत पारा कधीं कधीं ४५ अंशांवर चढतो, तेथें या शेवटच्या निमित्तास तोटा नाहीं. सुश्रुतसंहितेंत अर्धावभेदकाबरोबर, सूर्याबरोबर चढणाऱ्या सूर्यावर्ताचीहि नोंद आहे. ठराविक वेळीं जेवण व झोंप यांनीं पुष्कळांचे झटके कमी होतात. वेदनाशामक गोळ्या मात्र महिन्यांतून दहा-पंधरा दिवस घेतल्यास त्यांच्यामुळेंच डोकें दुखूं लागतें.

"आमच्या घराण्यांत हें आहेच," या समजुतीनें एक धोका संभवतो. डोकें एकाएकीं असह्य दुखूं लागलें, सोबत ताप येऊन मान ताठली, अथवा हातपाय प्रथमच लुळे पडले, तर वारशाचा विचार बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें.