पाकळीचा ल

कर्नाटकातल्या भालकीत एका बंद छापखान्यात खिळ्यांची जुनी केस उघडली आणि रॉकेल नि शाईचा वास आला. घराघरांत शिशाचे खिळे. जुळारीमामांनी न बघताच एक उचलला, त्याच्या अंगावरची खाच अंगठ्याने चाचपली आणि माझ्या तळहातावर ठेवला. उंची जेमतेम 23 मिलिमीटर. टोकावर ल होता: मधे दांडी, दोन्हीकडे गोल पाकळ्या.

"भालकी जुळवायला हाच लागायचा," मामा म्हणाले.

हे वळण मुंबईचं. जावजी दादाजी चौधरींनी 1864 साली टाइप फाउंड्री काढली आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरूंनी पोलादी पंच कोरले. पंच तांब्यात ठोकायचा, उमटलेल्या साच्यात शिसं, अँटिमनी आणि कथलाचा रस ओतायचा. बोरूची जाड-बारीक रेघ त्या कोरीवकामात जशीच्या तशी उतरली आहे. इतकी डौलदार अक्षरं मी पुन्हा पाहिली नाहीत.

मामांनी चार खिळे जुळणीच्या स्टिकमध्ये लावून दाखवले. देवनागरीची खरी कसोटी शिरोरेषा. एका खिळ्याची कड झिजली की शब्दाच्या माथ्यावर फट पडते. मात्रेचा खिळा शेजारच्या अक्षरावर झुकलेला असतो. फर्मा आवळताना तो मोडायचा, म्हणून मामांचा हात तिथे आपोआप हलका होई. कन्नडच्या केसमध्ये ही काळजी नव्हती. तिथे तलकट्टु, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची रेघ, ज्या अक्षराला असते त्याची स्वतंत्र. त्रास जोडाक्षरांचा, ती खाली लोंबतात. उर्दू मजकूर कातिबाने हाताने लिहायचा आणि तो शिळेवर छापायचा, कारण नस्तालीक शैलीची उतरती ओळ खिळ्यांत बसवणं अवघड. एकाच लग्नाच्या पत्रिका आमच्याकडे अशा तीन रीतींनी छापल्या गेल्या आहेत.

2009 साली महाराष्ट्र शासनाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीचे ठरवले. आम्ही सीमेच्या अलीकडे. संगणकात दोन्ही ल चा क्रमांक एकच. कुठला दिसायचा ते फॉन्ट ठरवतो, आणि इथे बहुतेकदा उजवीकडे काना असलेला हिंदी ल उमटतो. त्यात भालकी मला परक्या गावासारखी वाटते.

मामांनी दिलेला खिळा खिशात घेऊन मी डीटीपीच्या दुकानात गेलो. भाचीची पत्रिका पडद्यावर होती.

"दोन्ही ल एकच की हो," दुकानातला पोरगा म्हणाला.

मी खिळा शिक्क्याच्या पॅडवर टेकवला आणि प्रुफाच्या कोपऱ्यात दाबला. त्याने कागद उचलून उजेडात धरला, ल वरून बोट फिरवलं आणि फॉन्टची यादी उघडली.