बोटीचा गिअर हळू टाकू नका

मालवण असो की मांडवा, नव्या बोटवाल्याला जेटीवर एक सल्ला हमखास फुकट मिळतो : ‘‘गिअर अलगद टाक रे, नाहीतर दात तुटतील.’’ सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणारा इमानाने पाळतो आणि काही मोसमांनी थ्रॉटल वाढवला की गिअर आपोआप सुटू लागतो. मग खापर फुटतं ते इंजिनाच्या कंपनीवर, नाहीतर खाऱ्या पाण्यावर. सल्ल्यावर मात्र कधीच नाही!

हा गैरसमज मोटारीच्या सवयीतून आला आहे. मोटारीत पायाखाली क्लच असतो, शिवाय गिअरांचा वेग जुळवून घेणारी सिंक्रोनायझरची कडी असते. आऊटबोर्ड इंजिनात यातलं काहीच नाही. पाण्याखालच्या गिअरपेटीत वरून येणारा लहान पिनियन असतो आणि त्याला पुढचा व रिव्हर्स असे दोन गिअर कायम भिडलेले असतात. इंजिन चालू आहे तोवर, अगदी न्यूट्रलमध्येसुद्धा, हे दोन्ही गिअर एकमेकांच्या उलट दिशांनी फिरत राहतात. त्यांच्या मधोमध पंख्याच्या दांड्यावर सरकणारा एक दातेरी तुकडा असतो. त्याला डॉग क्लच म्हणतात. लिव्हर ढकलला की हा तुकडा सरकून फिरत्या गिअरच्या दातांत अडकतो. वेग जुळवणारं मध्ये कोणी नाही.

आता लिव्हर हळूहळू ढकला. दात पुरते अडकत नाहीत, नुसते कोपऱ्याला कोपरा आपटत राहतात. ती ‘कटकटकट’ ऐकून लोक आणखी हळू होतात! प्रत्येक आपटीत कोपरे गोल होत जातात आणि गोल झालेले दात भार पडला की एकमेकांना ढकलून बाहेर काढतात. गिअर सुटतो तो यामुळे.

माझ्यावर विश्वास नसेल, तर इंजिनासोबत आलेली पुस्तिका उघडा. मर्क्युरी आणि यामाहा, दोघांच्याही सूचनांचा अर्थ एकच : लिव्हर झटकन, ठामपणे टाका. मात्र झटकन म्हणजे थ्रॉटल वाढवून नव्हे. इंजिन आयडलवर हवं. लिव्हर गिअरच्या खाचेपर्यंत एका दमात न्यायचा, तिथे थांबायचं आणि मग वेग द्यायचा. पुढून रिव्हर्सला जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर दम घ्यायचा. एकच ‘ठक’ ऐकू आला तर घाबरू नका. दात नीट बसल्याची ती खूण आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

‘इंजिन बंद असताना गिअर पडत नाही, म्हणजे पेटी गेली.’ नाही. दातासमोर दात आला असेल. चावी आणि किल-स्विचची दोरी काढून ठेवा, पंखा हाताने थोडा फिरवा आणि पुन्हा टाका. जोर लावलात तर केबल वाकेल.

‘सकाळी गिअर न्यूट्रलला येत नाही, म्हणजे बिघाड.’ गार इंजिनाचं आयडल चढलेलं असतं, त्यामुळे दातांवर ताण राहतो. इंजिन बंद करा, न्यूट्रलला आणा, पुन्हा सुरू करून आधी तापू द्या.

‘इंजिन ओरडतं, बोट हलत नाही, म्हणजे गिअर घसरतो.’ डॉग क्लच मुकाट्याने घसरत नाही. सुटला तर दणके देतो. बहुतेकदा पंख्याच्या आतला रबरी हब सुटलेला असतो. हबवरून पंख्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढा आणि फेरी मारून या. रेघ तुटक दिसली, तर चोर सापडला.

‘गिअर ऑइल दुधाळ झालं, बदललं की झालं.’ पाणी कुठून शिरलं ते कोण बघणार? पंखा काढून पाहा. दांड्याला गुंडाळलेल्या तंगुसाने सील कापलं असण्याची शक्यता मोठी.

‘गिअर पडलेला असतानाही स्टार्टर फिरावा, म्हणून न्यूट्रलचा स्विच वगळून तारा थेट जोडून टाका.’ पंख्याजवळ पोहणारी माणसं असतात. हा स्विच त्यांच्यासाठी आहे.

आणि लिव्हर जड झाला म्हणून थेट गिअरपेटी उघडणाऱ्यांना हात जोडून विनंती : इंजिन बंद करून आधी केबल इंजिनाच्या टोकाला सोडवा आणि लिव्हर हलवून बघा. तरीही जड लागला, तर दोष केबलचा किंवा कंट्रोल बॉक्सचा. खाऱ्या हवेत केबल आतून गंजते. ती बदलायला गिअरपेटीचा एकही बोल्ट सोडावा लागत नाही. गिअर सुटतच असेल, तर मात्र केबल जुळवून भागणार नाही. झिजलेला डॉग आणि त्याच्या जोडीचा गिअर, दोन्ही बदलावे लागतात.