थकवा मनाचा की रक्ताचा? बाळंतिणीला प्रश्न विचारण्याआधी

"प्रश्नावली तयार आहे, आता फक्त डेटा गोळा करायचा." पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही असंच म्हणायचे. मग सातपुड्यातल्या एका पाड्यावर पायलटसाठी गेले. दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला छापील मराठीत प्रश्न वाचून दाखवले. प्रत्येक वेळी ती शेजारच्या सासूकडे बघायची आणि म्हणायची, "बरं आहे." स्कोअर जवळजवळ शून्य. निघताना आशाताई हळूच म्हणाल्या, "रोज रडते ती."

कुठे चुकलं, ते बघू.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला जगभर एडिनबरा प्रश्नावली वापरतात. कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांनी ती १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये मांडली. मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. गंमत म्हणजे थकवा, भूक, अंगदुखी यांवर त्यात प्रश्नच नाहीत, आणि हे मुद्दाम. नवी आई थकणारच. तो थकवा नैराश्याच्या खात्यात टाकला तर सगळ्याच आया रुग्ण ठरतील.

आता हीच प्रश्नावली नंदुरबारमध्ये आणा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. इथे सिकल सेल आहे, रक्तक्षय आहे. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय. धाप, चक्कर, गळून जाणं त्यातूनही येतं. पण आपल्याकडे मनाचं दुखणंही बाई पुष्कळदा शरीराच्याच शब्दांत सांगते: "हातपाय गळतात, डोकं जड होतं." म्हणजे प्रश्नावलीने जे गाळलं, नेमकं तेच ती बोलते! म्हणून प्रश्नावलीसोबत हिमोग्लोबिन आणि सिकल सेलचीही नोंद हवी. आणि "मन की रक्त" असं एकच निवडू नका. दोन्ही एकदम असू शकतं.

हा विषय छोटा नाही. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या गोव्यातल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं. त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही कारणं पुढे आली.

फील्डवर जाण्याआधी चार गोष्टी ठरवा:

१. भाषा. पावरी किंवा भिलीत भाषांतर करा, दुसऱ्याकडून ते उलट मराठीत आणून ताडून बघा. कट-ऑफही त्या भाषेत तपासावा लागतो.

२. वेळ. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. पण भास, भ्रम, झोपच न लागणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

३. एकांत. सासू-नवऱ्यासमोर नको. दुभाषी त्याच पाड्यातली असेल तरी बाई गप्प राहू शकते.

४. दहावा प्रश्न. तो स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. उत्तर "हो" आलं तर एकूण स्कोअर कितीही असो, तिला एकटं सोडायचं नाही. कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, कोण नेणार, हे आधीच लिहून ठेवा. टेलिमानसचा १४४१६ उपयोगी आहे, पण रेंज नसलेल्या पाड्यावर फक्त त्यावर विसंबू नका.

मी पुन्हा गेले तेव्हा सासू शेतात होती. पाड्याबाहेरची, पावरी बोलणारी एक ताई सोबत होती. प्रश्न तेच, दहा. यावेळी स्कोअर १७ आला, आणि तपासणीत हिमोग्लोबिनही कमी निघालं. दोन्ही उपचार सुरू झाले.

माझ्या एक्सेल शीटमध्ये ती आधी "निरोगी" होती, हे विसरू नका.