काच फुटली, आता कागद करा!

चौदा एप्रिलची मिरवणूक संपायला रात्र झाली. गाडी नेहमीप्रमाणे इमारतीबाहेर रस्त्याच्या कडेला लावली आणि घरातले सगळे दमून झोपी गेले. सकाळी खाली येऊन पाहतो तर गाडीची मागची काच जागेवर नाही! डिकीत, मागच्या सीटवर, रस्त्यावर खडीसाखर सांडावी तसे काचेचे बारीक खडे पसरलेले. त्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेले होते. स्टिकरला चिकटलेले तेवढे खडे एकमेकांना धरून राहिले होते आणि ‘भीम’ ही अक्षरे वाकून डिकीत पडली होती.

पाच मिनिटांत माणसे जमली. एक म्हणाला, पोरांचा चेंडू लागला असेल. दुसरा म्हणाला, दिवसभराच्या उन्हाने तडकली असेल. तिसऱ्याने आवाज खाली आणून सांगितले, कालची मिरवणूक काहींच्या डोळ्यांत खुपली होती. वस्तीतली तरुण पोरे तर तापलीच. “काका, चला, जाब विचारू!” पण जाब विचारायचा कोणाला? आणि शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, आपलेच, काळजीने म्हणाले, “अहो, आजच्या आज नवी काच बसवून घ्या आणि विषय संपवा. कशाला बोभाटा?”

बांधवांनो, गाडीच्या काचेवर लेख कसला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या सकाळी जे दोन सल्ले मिळाले, तेच दोन सल्ले आपल्या समाजाला गेली कित्येक वर्षे मिळत आले आहेत. एक सल्ला संतापाचा आणि दुसरा गप्प बसण्याचा. या दोहोंमधून बाबासाहेबांनी दाखवलेली तिसरी वाट जाते. ती कसबाची आणि कागदाची वाट आहे. एका काचेच्या निमित्ताने तीच वाट येथे मांडायची आहे.

प्रथम काच समजून घेऊ. गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून ती तडकली तरी जागेवर राहते. मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. भट्टीत तापवून ती हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते. त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा मजबूत होते, पण एकदा फुटली की सगळीच्या सगळी बारीक खडे होऊन कोसळते. हे मुद्दाम केलेले असते, कारण लांब टोकदार तुकड्यांनी माणसाचा गळा कापू नये. म्हणूनच ही काच दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावी लागते. आणि दगड नेमका कोठे लागला हे नंतर काचेवरून सांगणे कठीण जाते. काठाला आधीच टवका उडालेला असेल तर उन्हातान्हाने ती आपोआपही फुटू शकते. तेव्हा चेंडूवाला, उन्हावाला आणि मिरवणूकवाला, तिघांपैकी कोणाचेही खरे असू शकत होते. मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही की तो दगडच होता. पण डिकीत मूठभर आकाराचा एक दगड सापडला, हेही तितकेच खरे आहे.

तो दगड मी उचलला नाही. आधी मुलाला फोटो काढायला सांगितले. गाडीचा नंबर दिसेल असा एक, आतला दगड दिसेल असा एक, रस्ता आणि विजेचा खांब दिसेल असा एक. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण त्याच सकाळी मागून घेतले, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते आणि उशीर केला की हाती काही लागत नाही. मग पोलीस ठाणे गाठले. हवालदारांचा पहिला प्रश्न, “अहो, एका काचेसाठी तक्रार?” तासभर बसल्यावर एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद झाली. तिची प्रत हातात घेऊनच उठलो.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या अशा नुकसानीसाठी कलम ३२४ आहे. नुकसान वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. एक लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे काचेच्या दुकानातले बिल हा कायद्याचा कागद आहे! जो विनाबिलाची काच बसवून दोन-तीनशे रुपये वाचवतो, तो आपल्याच हाताने आपली तक्रार हलकी करतो. यामागे जातीय हेतू होता आणि ॲट्रॉसिटी कायदा लागतो की नाही, हे वकिलाला विचारावे. पण वकिलाकडे जायलाही घटना आधी कागदावर हवी.

दुसरा कागद विम्याचा. आपल्या वस्त्यांतून पुष्कळ गाड्या केवळ थर्ड पार्टी विम्यावर चालतात. त्या विम्यात आपल्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचाही विमा असेल, तर दंगल, संप आणि खोडसाळपणाने केलेले नुकसान त्यात येते. प्लॅस्टिकच्या व रबरी भागांवर घसारा कापतात, काचेवर कापत नाहीत. आपल्या खिशातून ठराविक रक्कम मात्र जाते, पंधराशे सी.सी. पर्यंतच्या खाजगी गाडीला एक हजार आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार. क्लेम घेतला की नो क्लेम बोनसही सहसा जातो, म्हणून काच स्वस्त असेल तर हिशेब मांडून ठरवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंपनीला आधी कळवावे, सर्व्हेअरला पाहू द्यावे आणि मगच काच बसवावी. आधी बसवली आणि नंतर कळवले, तर हात हलवत परत यावे लागते.

तोपर्यंत मागची बाजू उघडी. जाड प्लॅस्टिक लावून पाऊस-धूळ अडवता येते, पण तशा गाडीतून घरच्यांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नये. गाडी वेगात असताना तिच्या मागे पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर आत खेचला जातो. त्या धुरातला विषारी वायू ना दिसतो, ना त्याचा वास येतो. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला निघालेल्या गाडीत लहान लेकरे मागेच झोपलेली असतात. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता कसबाची गोष्ट. जुन्या जीपला रबरी बीडिंगमध्ये काच बसवत. दोरी घालून ओढली की काच बसली. गॅरेजमधला कोणीही ते काम करी. आजच्या एसयूव्हीची काच गाडीच्या पत्र्याला चिकटवलेली असते. तिच्यात धुके घालवणाऱ्या तापत्या रेषा छापलेल्या असतात, काही गाड्यांत रेडिओची एरिअलही असते. वायपर, त्याच्या पाण्याची नळी, वरचा ब्रेकचा दिवा, हे सगळे आसपास. म्हणून काच मागवताना केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही, चेसिस नंबर द्यावा लागतो. काचेच्या कोपऱ्यात आय.एस.आय. चे चिन्ह आहे ना, हेही पाहावे. काळी फिल्म लावून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या काचेतून निदान सत्तर टक्के उजेड पार गेला पाहिजे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच काळ्या फिल्मवर बडगा उगारला होता.

माझ्या गाडीची काच बसवली ती आय.टी.आय. करून आलेल्या एका पोराने. आधी त्याने व्हॅक्यूम लावून दाराच्या पोकळीतले, सीटच्या फटीतले खडे ओढून काढले. जुन्या पेस्टिंगचा थर पार खरवडला नाही. पातळ थर ठेवून बाकीचा सपाट कापला. मी विचारले, “सगळाच का काढत नाहीस रे?” तो म्हणाला, “काका, नवा माल जुन्या थरावर चांगला धरतो. पत्र्यापर्यंत खरवडलं तर गंज धरेल आणि दोन पावसाळ्यांत काच गळायला लागेल.” जेथे पत्रा उघडा पडला होता तेथे त्याने प्रायमर लावला. मग सगळीकडून सारखी धार सोडत पेस्टिंग भरले, सक्शनच्या मुठींनी काच उचलली आणि एकाच वेळी नेमकी टेकवली. वर टेप लावली. म्हणाला, “आजचा दिवस दार आपटू नका. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर दार लावताना आतली हवा काच ढकलते. दोन दिवस वॉशिंगला देऊ नका.” हा माल हवेतला ओलावा घेऊन हळूहळू घट्ट होतो, हेही त्यानेच समजावले.

त्याचे हात पाहताना मला चाळीसगावची आठवण झाली. बाबासाहेबांनी स्वतःच तो प्रसंग लिहून ठेवला आहे. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. चाळीसगावच्या महार बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. परंतु स्टेशनावरचा एकही टांगेवाला महाराला टांग्यात घेऊन हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने द्यायला मात्र तयार! शेवटी वस्तीतल्याच एका बांधवाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा व टांगा नदीत पडला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

हा प्रसंग आपण जातीच्या क्रूरतेचा दाखला म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. पण त्यात आपल्यासाठीही एक धडा आहे. लगाम धरणाऱ्या बांधवाच्या प्रेमात तसूभरही खोट नव्हती. उणीव होती ती कसबाची, आणि ते कसब त्याला शिकू कोण देणार होते? आज पेस्टिंगचे काम शिकायला कोणत्याही जातीचा दाखला लागत नाही. या धंद्यात बापजाद्यांचा वतनदार नाही, कारण हा धंदाच नवा आहे. मग आपल्या वस्तीतले किती तरुण तो शिकतात? मिरवणुकीच्या डी.जे. ची वर्गणी एका रात्रीत जमते. त्याच मंडळाने दरवर्षी दोन पोरांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलला तर काय बिघडेल?

आणि कागदाचे काय? १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपण पाणी प्यालो आणि आपल्या माणसांची डोकी फुटली. बाबासाहेबांनी लोकांना आवरले, गुन्हे नोंदवले गेले, काही हल्लेखोरांना शिक्षा झाल्या. तळ्याचा दिवाणी दावा तर दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. दहा वर्षे कागद जपला म्हणूनच ना?

याउलट १ जानेवारी २०१८ आठवा. भीमा कोरेगावला अभिवादनासाठी आलेल्या बांधवांच्या गाड्यांवर सणसवाडी परिसरात दगड पडले, गाड्या जाळल्या गेल्या. फुटक्या काचांच्या गाड्या घेऊन लोक रात्री-अपरात्री गावोगाव परतले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि प्रतिज्ञापत्रे मागवली गेली. स्वतःला विचारा, तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी त्या काचेचा फोटो, बिल, तारीख जपून ठेवली होती? चारचौघांत तो प्रसंग आजही तावातावाने सांगितला जातो. आयोगापुढे मात्र ताव चालत नाही, पुरावा लागतो. भाड्याची गाडी चालवणाऱ्या गरीब चालकांची काच गेली, वर रोजंदारीही बुडाली. त्यांनी उसनवारी करून काच बसवली आणि विषय संपवला. अशा प्रत्येक ‘संपवलेल्या’ विषयाबरोबर आपला एकेक साक्षीदार नाहीसा होतो.

म्हणून प्रत्येक शाखेने, प्रत्येक विहाराने एक साधी वही ठेवावी. तारीख, ठिकाण, गाडी नंबर, नुकसान, तक्रारीचा क्रमांक, बिल. चेंडूने फुटली असे निघाले तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. खोटी नोंद शंभर खऱ्या नोंदींना बुडवते. खरी नोंद मात्र पन्नास वर्षांनीही बोलते.

माझी तक्रार अजून ठाण्यात पडून आहे. दगड कोणी मारला, मारला की नाही, अद्याप कळलेले नाही. महिन्याकाठी एक चक्कर मारतो. हवालदार आता खुर्ची देतात आणि वहीत तारीख टाकतात, एवढी प्रगती आहे.

काच बसवून झाल्यावर त्या पोराने विचारले, “काका, स्टिकर परत लावायचा का?” मी म्हणालो, “लावायचा म्हणजे काय, लावायचाच!” कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केलेला हा आपला अभिवादनाचा शब्द, दगडाला भिऊन तो का उतरवायचा? पोरगा हसला. म्हणाला, “मग बाहेरून लावू. आतून लावला आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर तापत्या रेषा उखडतील. आणि खाली कोपऱ्याला लावू, म्हणजे आरशातून मागचा रस्ताही दिसेल.”

त्याने अक्षरे सरळ लावली, फडक्याने दाबून आतली हवा काढली आणि बिलावर सही-शिक्का मारून दिला. ते बिल तक्रारीच्या प्रतीला टाचून मी फाइलमध्ये ठेवले आहे.

जय भीम!