तालुक्याच्या गावी भाड्याची खोली शोधताना

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपला की चैत्राच्या सुमारास परततात. मागे प्रश्न उरतो तो मुलांच्या शिक्षणाचा. लहान वर्गांसाठी गावोगावच्या शाळांतून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. तरीही सर्वांना जागा मिळतेच असे नाही. म्हणून कित्येक कुटुंबे बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगाव येथे एखादी खोली भाड्याने घेऊन आजी व नातवंडांना तेथे ठेवतात. दहावीतील मुलगी वर्गात बसणार की आईवडिलांबरोबर फडावर जाणार, हे पुष्कळदा त्या खोलीवर अवलंबून असते.

अशा कुटुंबाची पहिली अडचण पैशाच्या वेळेची आहे. घरमालकास भाडे दरमहा हवे असते. कुटुंबाच्या हाती मात्र उचल एकरकमी येते व दिवाळीपर्यंत ती बरीचशी खर्च झालेली असते. तेव्हा उचल मिळताच तीन-चार महिन्यांचे भाडे आगाऊ देऊन त्याबदल्यात अनामत रक्कम कमी करून मागावी. पुष्कळ घरमालक यास राजी होतात. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मात्र घ्यावीच. ती देणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. अश्विनात खोली पाहावयास गेले असता विहीर भरलेली, बोअर चालू आणि अंगण स्वच्छ दिसते. तीच जागा वैशाखात कशी असते, हे मालकाला न विचारता शेजारच्या भाडेकरूला विचारावे. नळाला किती दिवसांनी पाणी येते, साठवणीला हौद वा टाकी आहे काय, टँकर मागवावा लागला तर पैसे कोणी द्यावयाचे, हे आधीच ठरवून घ्यावे. पाचशे रुपयांनी स्वस्त असलेली खोली टँकरच्या दोन खेपांत महाग पडते. विजेचेही असेच आहे. महावितरणचा घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढत जातो. चार बिऱ्हाडे एकाच मीटरवर असतील तर एकूण वापर वरच्या टप्प्यात जातो आणि एक दिवा व एक पंखा वापरणाऱ्या आजीलाही चढ्या दराचा भार सोसावा लागतो. शक्यतो स्वतंत्र मीटरची खोली पाहावी.

आता कागदाविषयी. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा लागू होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद दुर्बलाच्या बाजूची आहे, परंतु ती फारच थोड्यांना ठाऊक असते.

'अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी नको' ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या कायद्यावरून ती रूढ झाली. इतकेच नव्हे, तर आठ महिन्यांची गरज असताना अकरा महिन्यांचे बंधन पत्करण्याचेही कारण नाही. खर्चाची भीतीही अनाठायी आहे. समजा, भाडे ३,००० रुपये आणि अनामत १०,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. म्हणजे ते शंभर रुपयांच्या आसपास येते. नोंदणी शुल्क व करार तयार करणाऱ्याची मजुरी वेगळी.

करार जी प्रौढ व्यक्ती तेथे प्रत्यक्ष राहणार तिच्या नावे असावा, कारण लिव्ह अँड लायसन्सचा हक्क दुसऱ्याकडे सोपविता येत नाही. मुलांचे पालक करार करणार असतील, तर अंगठ्याचे ठसे देण्यासाठी त्यांना स्वतः हजर राहावे लागते. हे काम गाडीत बसण्यापूर्वीच उरकावे. मुदतीची तारीखही नीट पाहावी. ती उलटल्यावर खोली न सोडल्यास मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. मात्र भाडेकरूने निघून जावे म्हणून पाणी वा वीज तोडण्याची मुभा त्याला कायदा देत नाही.

एक अप्रिय बाबही सांगितली पाहिजे. खोली दाखविण्याआधी आडनाव विचारले जाते, मग जात, मग धर्म आणि शेवटी 'मांसाहार चालणार नाही' अशी अट येते. या प्रश्नांना कराराचा कोणताही नमुना उत्तर देत नाही. अशा वेळी गावातील ओळखीचे शिक्षक, जुने भाडेकरू, चर्चमधील परिचित कुटुंबे यांचा शब्द दलालापेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि दलालीही वाचते.

खोली मिळाल्यावर धान्याची सोय पाहावी. शिधापत्रिका गावची असली तरी 'एक देश, एक शिधापत्रिका' व्यवस्थेमुळे अन्नसुरक्षा योजनेतील कुटुंबाला दुसऱ्या गावच्या दुकानातून आपला वाटा उचलता येतो. कारखान्यावर गेलेले जोडपे तिकडे आपल्या वाट्याचे आणि आजी तालुक्याला उरलेले धान्य घेऊ शकते. त्यासाठी आजीचे नाव व आधार क्रमांक शिधापत्रिकेशी जोडलेले आहेत ना, हे कुटुंब निघण्यापूर्वी गावच्या दुकानदाराकडे तपासून घ्यावे.