खिशातल्या गणकयंत्राचे पाठभेद

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना पाठभेद ही गोष्ट नवी नाही. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती समोर ठेवल्या तर दहाही अगदी सारख्या निघत नाहीत. आणि त्या भेदांवरूनच कोणती प्रत आधीची, कोणती नंतरची, हे ठरवावे लागते. यंत्राने घडविलेल्या वस्तू मात्र एका साच्यातल्या, म्हणून तंतोतंत सारख्या, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे एका उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९७२ साली 'एचपी-३५' हे गणकयंत्र विक्रीस काढले. किंमत ३९५ डॉलर. कळा पस्तीस, म्हणून नाव पस्तीस. सदऱ्याच्या खिशात मावेल आणि त्रिकोणमिती व लॉगॅरिथमची उत्तरे देईल, असे हे पहिलेच यंत्र. इंजिनिअरांच्या हातातील स्लाइड रूल त्याने थोड्याच वर्षांत बाजूस सारला. १९७५ पर्यंत ते तयार होत होते. परंतु आरंभीचे यंत्र आणि शेवटचे यंत्र सर्वस्वी एक नव्हे.

पहिली खूण बाहेरच दिसते. अगदी आरंभीच्या यंत्रांत चालू-बंद करण्याच्या खटक्याशेजारी एक बारीक छिद्र असून त्यात तांबडा ठिपका दिसे. पुढे तो गेला. तसेच कळांखालच्या पट्टीवर आधी केवळ कंपनीचे नाव असे. मागाहून त्यापुढे '३५' हा आकडा आला. कंपनीने या मालिकेतील आणखी यंत्रे काढल्यावर ती ओळखता यावीत म्हणून आकडा आवश्यक झाला, हे उघड आहे.

दुसरी खूण पाठीवरच्या क्रमांकात. त्यातील पहिल्या दोन अंकांत १९६० मिळवावे, म्हणजे साल निघते; पुढचे दोन अंक आठवड्याचे; त्यानंतरचे अक्षर देशाचे, 'ए' म्हणजे अमेरिका. क्रमांकाचा आरंभ '१२३०ए' असा असेल, तर यंत्र १९७२ च्या तिसाव्या आठवड्यातले, अमेरिकेत घडलेले.

तिसरा भेद डोळ्यांना दिसत नाही. २.०२ हा आकडा घालून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम काढावा, आणि लगेच उलट क्रिया करावी. उत्तर पुन्हा २.०२ यावयास हवे. आरंभीची काही यंत्रे मात्र २ एवढेच उत्तर देतात! पोथीत लेखनिकाचा हात चुकतो, तशी ही चूक गणिताच्या सूचना साठविणाऱ्या चकतीत राहून गेली होती. चकतीतल्या सूचना कारखान्यातच कायमच्या कोरलेल्या. वापरणाऱ्याला त्या बदलता येत नाहीत. चूक ध्यानात आल्यावर कंपनीने यंत्रे दुरुस्त करून देण्याची तयारी दाखविली.

आता खरा प्रश्न उभा राहतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात तांबड्या ठिपक्याच्या यंत्राला अधिक मोल येते. परंतु दुरुस्तीत आतील चकती बदलली असेल, तर कवच जुने आणि अंतरंग नवे, अशी स्थिती होते. उलट, मोडक्या यंत्राचे कवच दुसऱ्यावर बसविणेही अवघड नाही. तेव्हा केवळ एका खुणेवर विसंबणारा गिऱ्हाईक सहज फसतो. ठिपका, पट्टी, क्रमांक आणि २.०२ ची परीक्षा, या चारही साक्षी घ्याव्यात. शक्य तर जाणत्याकडून यंत्र उघडवून आतील चकत्यांवर छापलेले साल-आठवड्याचे आकडेही पाहावेत. त्या क्रमांकाच्या नंतरच्या निघाल्या, तर आत हात फिरला आहे असे समजावे.

अशा दुरुस्त यंत्राला आम्ही खोटे म्हणणार नाही. दुरुस्ती हाही त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. ती लपवून विकणे मात्र खोटेपणाचे. शिवाय एक बोध या आकड्यांतून आपण सर्वांनीच घ्यावा: यंत्राने दिलेले उत्तरही शेवटी कोणा माणसाने लिहिलेल्या सूचनांचेच फळ होय, आणि म्हणून ते पडताळून पाहण्याचा आपला अधिकार आपण सोडता कामा नये.