एकच ट्यूब, दोन बुरश्या
(लेखांक ७)

गजकर्णाचा चट्टा मध्ये बरा झाल्यासारखा दिसतो आणि कडेला लाल, खरखरीत, किंचित उचललेला असतो. मागच्या लेखांकातला खरजेचा किडा कातडीत बोगदे खणत होता. गजकर्णाची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातच राहते आणि केराटिन खाते. आपले केस, नखं आणि कातडीचा बाहेरचा थर ज्या प्रथिनाचा बनलेला असतो, तेच हे. बुरशी एका जागी वाढली की शरीर तिच्यावर चालून जातं, तिथे दाह होतो, वरचा थर भराभर गळतो आणि ती जागा मोकळी होते. तोवर बुरशी चारही बाजूंनी बाहेर सरकलेली असते. म्हणून चट्टा गोल दिसतो, आणि डॉक्टर तपासायला कोंडा खरवडतात तोही कडेचाच.

तो कोंडा काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि काच जराशी कोमट करतात. कातडीच्या पेशी विरघळू लागतात. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, त्यामुळे ती टिकते. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, की फांद्या फुटलेले आणि मध्ये मध्ये आडवे पडदे असलेले लांब धागे स्पष्ट दिसतात. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबीने डोक्यातल्या खवड्यात असेच धागे दाखवले ते 1841 मध्ये. जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तेव्हा जन्मालाही आला नव्हता. एवढी जुनी, स्वस्त आणि सोपी ही तपासणी आहे. तरी आपल्याकडे असंख्य चट्टे तिच्याविनाच मलमाखाली जातात, आणि ते मलम बहुतेक वेळा मेडिकलमधून मागून आणलेलं असतं.

त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीवरचं, जीवाणूंवरचं आणि स्टिरॉइड. क्लोबेटासॉलसारखं जोरकस स्टिरॉइड असेल तर दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणूस खूश होतो, ट्यूब घरात सगळ्यांना लावली जाते. पण खाज आणि लाली ही शरीराने बुरशीशी मांडलेल्या लढाईची खूण होती. स्टिरॉइड त्या लढाईलाच आवर घालतं, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्ट्याची कड पुसट होते, गोलाई जाते, रोग ओळखूच येत नाही. 1968 साली अशा गजकर्णाला ‘टिनिया इनकॉग्निटो’ असं नाव मिळालं. ट्यूब बंद केली की खाज दुपटीने परत येते, आणि पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात ते याच फेऱ्यात.

2018 मध्ये सरकारने 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तोवर देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ हैराण झाले होते, कारण टर्बिनाफीन या भरवशाच्या औषधाला न जुमानणारी बुरशी दिसू लागली होती. तिला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं गेलं. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या रुग्णांमध्येही सापडली. औषध ज्या विकरावर घाव घालतं, त्याची घडणच तिने बदलून टाकली आहे. स्टिरॉइडमिश्रित मलमांच्या बेलगाम वापराने तिचा पसरायचा रस्ता सोपा केला, असं अनेक तज्ज्ञ मानतात, आणि मलाही ते पटतं.

आता डोळ्याकडे वळू, कारण अशीच स्टिरॉइडं थेंबांच्या रूपात बुरशी लागलेल्या डोळ्यात जातात तेव्हा नुकसान कितीतरी मोठं असतं.

ऊसतोड सुरू झाली की उसाची पात डोळ्याला लागणं रोजचंच. पातीची कड करवतीसारखी असते. बुबुळ म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच त्यातून आरपार दिसतं, आणि म्हणूनच शरीराचे रक्षक तिथे उशिरा पोचतात. बुबुळाचं वरचं अस्तर शाबूत असेल तर मातीतल्या आणि कुजक्या पाचटातल्या फ्युझेरियम, अ‍ॅस्परजिलस या बुरश्यांना सहसा आत शिरकाव मिळत नाही. पातीने ओरखडा काढला की त्यांना वाट सापडते.

पहिल्या दिवशी डोळा नुसता टोचतो, पाणी येतं. काही दिवसांनी उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढुरका डाग दिसतो. नेत्रतज्ज्ञाला त्याची कड पिसासारखी विसविशीत दिसते, कधी आजूबाजूला छोटे डागही असतात. तोवर कुणी डोळ्यात दूध घातलेलं असतं, कुणी मध, आणि कुणी लाली उतरावी म्हणून दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणलेले असतात. लाली उतरतेही. आत बुरशी बुबुळ पोखरत राहते आणि कधी ते फुटतं. बरं झालं तरी फूल पडतं, नजर जाते.

यावरचं मुख्य औषध म्हणजे नाटामायसिनचे थेंब. 1955 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या एका जीवाणूपासून ते मिळालं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तमिळनाडू-पुदुच्चेरीतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांमधल्या 323 रुग्णांवरच्या चाचणीत ते व्होरिकोनाझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युझेरियमवर. मात्र ते बुबुळात खोलवर मुरत नाही. सुरुवातीला दर तासाला थेंब, आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात, अशा कोयत्यावरच्या बाईने हे कसं जमवायचं?

म्हणून मला भक्तपूरचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. नेपाळमधल्या या जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला आणि लगेच क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम घालायला शिकवलं गेलं. 2001 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. जखम झाल्यापासून 18 तासांच्या आत मलम मिळालेल्यांपैकी कुणालाही बुबुळाचा व्रण झाला नाही. हे मलम जीवाणूंवरचं आहे, बुरशीवरचं नव्हे, त्यामुळे यश बरंचसं लवकर हात लागण्याचं असावं. आपल्याकडे साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या कुठे उतरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आशाताई गावोगावी आहेत. हंगामापुरतं हे काम त्यांना शिकवायला, त्याचा रीतसर मोबदला द्यायला आणि तळावर मलमाच्या ट्यूबा ठेवायला फार खर्च येणार नाही.

पुढच्या आठवड्यात खुपऱ्या.